भागाबाईंचा दोरा

भागाबाई कुणाच्याही घरी गेल्या की पाणी पिण्याच्या आधी बसायला दिलेल्या गादीचा कोपरा चाचपायच्या. शिवण कुठे उसवली आहे ते त्यांच्या बोटांना बरोबर सापडायचं. तिथून चिमूटभर कापूस ओढून काढायचा, दोन्ही हातांच्या चिमटीत धरून ताणायचा, तुटलेलं टोक उजेडाकडे धरायचं आणि घरच्या माणसाला काय वाटेल याची फिकीर न करता निकाल सांगून मोकळं व्हायचं. अकोल्याच्या जुन्या शहरात, मोर्णेच्या काठी माझं बिऱ्हाड होतं. तिथे त्या पहिल्यांदा आल्या तेव्हा मी अठ्ठावीस वर्षांचा होतो. वडिलांच्या मागे वैद्यकी माझ्याकडे आली होती, आणि डोक्यावर पगडी होती तिच्याहून डोक्यातला ताठा मोठा होता. माझ्या गादीतला कापूस ताणून बाई म्हणाल्या, "वैदबुवा, ही गादी तुमाले कोनं भरून देल्ली? फसोलं तुमाले. हा जरीचा कापूस हाय, थो बी मागच्या सालचा."

"तुम्ही गळा दाखवायला आलात की गादी बघायला?" मी विचारलं.

"गळा कुठी पळून जाते?" त्या म्हणाल्या, आणि कापसाचा तो पुंजका त्यांनी माझ्या पुढ्यात ठेवून दिला.

गळा खरोखरच कुठे पळून जाण्यासारखा नव्हता. हनुवटीखाली बेलफळाएवढी गाठ होती आणि डाव्या अंगाला ती जरा जास्तच उतरली होती. भागाबाईंचं माहेर चिखलदऱ्याच्या पायथ्याचं. तिकडच्या डोंगरात निम्म्या बायकांचे गळे आलेले असतात आणि कुणी त्याला आजार म्हणत नाही. बार्शीटाकळीच्या पलीकडे दोन कोसांवरच्या गावात सोनाजी नावाच्या शेतकऱ्याला त्या दिल्या, तेव्हा गाठ आवळ्याएवढी होती. पंचवीस वर्षांत तिचं हे झालं. आवाज घोगरा झाला होता, ज्वारीची भाकरी घशात अडायची, उताणं पडलं की श्वास कोंडायचा. चालणं, बोलणं, सगळंच मंदावलं होतं. "आडवं पडलं का कोनं तरी गळा धरून राह्यलं असं वाटते," त्या म्हणाल्या. तक्रारीचा सूर नव्हता. शेतात रानडुकरं येतात हे सांगावं तशा सुरात सांगितलं.

ते दिवस आज कुणाला सांगून खरे वाटणार नाहीत. तिकडे अमेरिकेत लढाई पेटली होती आणि इकडे वऱ्हाडात कापसाला सोन्याचं मोल आलं होतं. अमरावतीच्या बाजारात गाड्यांची रांग लागे. जो तो जरी पेरत होता. जरी म्हणजे जाड, आखूड धाग्याचा कापूस. पीक भरपूर, वजन चांगलं, आणि त्या धामधुमीत धागा ताणून पाहायला कुणाला सवड नव्हती. आमच्या भागातला जुना कापूस म्हणजे बनी. लांब, रेशमासारखा, पण वजनाला हलका. बघता बघता बनीचं बियाणं शेताशेतांतून नाहीसं व्हायला लागलं. त्या पट्ट्यात ते शुद्ध असं एकाच घरी उरलं होतं, भागाबाईंच्या.

त्यांची बियाणं राखायची रीत मी नंतर स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली. मार्गशीर्ष-पौषात वेचणी झाली की खळ्यावर बसून त्या एकेक सरकी हातात घेत. सरकी म्हणजे कापसाची बी. तिच्या अंगचा कापूस न तोडता नखांनी चारी बाजूंना विंचरत, तो बीभोवती गोल उभा राहीपर्यंत. मग अंगठ्याच्या पेरावर ठेवून धाग्याची लांबी पाहत. चांगली असेल ती टोपल्यात, बाकीची म्हशींना. एका टोपल्याला पंधरा दिवस लागत. "डोयाले दिसाच्या आंधी बोटाले समजते," त्या म्हणायच्या. कुठलीही गोष्ट असो, लुगडं घ्यायचं असो की सुनेची पारख, त्यांचं एकच म्हणणं असे, "बोटाले इचारा."

या दोन महिन्यांत त्या शेणाला हात लावत नसत, मिरच्या कुटत नसत, पीठही मळत नसत. बोटांची कातडी जाड होता कामा नये म्हणून रोज जवसाचं तेल चोळायच्या. मग भाकरी कोण थापणार? सोनाजी. भला थोरला मिशीवाला गडी चुलीपुढे उकिडवा बसून भाकरी थापायचा. गावाने हसून घेतलं. त्यावर सोनाजीचं उत्तर ठरलेलं होतं. "हसून घ्या लेकहो. तुमच्या बायका भाकर करतात, माही बायको कापूस करते."

माणसांनाही भागाबाई कापसाच्याच मापाने मोजत. अमका आखूड धाग्याचा, तमका लांब धाग्याचा. माझ्याबद्दल त्यांनी दुसऱ्याच भेटीत निकाल दिला होता, "तुमचा धागा लांब हाय वैदबुवा, पण कच्चा." मला राग आला होता. आज वाटतं, बाईंनी फार सौम्य शब्दांत सांगितलं.

आता औषधाकडे येतो. अमरावतीला माझ्या ओळखीचे एक म्हातारे अत्तार, म्हणजे औषधी जिनसांचे व्यापारी, होते. कापूस घेऊन मुंबईकडे गेलेल्या गाड्या परत येताना नाना जिनसा आणत, त्यात त्यांच्याकडे समुद्रातला एक स्पंज येऊ लागला होता. तो जाळून त्याची काळी, खारट राख करायची. गळ्याच्या गाठीवर त्याहून चांगलं औषध नाही, असं त्यांचं म्हणणं. पुडी माझ्या हातात देताना मात्र त्यांनी बजावलं होतं, "जादा मत देना महाराज. आदमी अंदरसे दौडने लगता है." मी मान डोलावली आणि ते वाक्य तिथेच विसरून आलो.

रोज आठ गुंजा राख मधातून द्यायची, असं मी ठरवलं. गळा मोजायला दोरा मागितला तर बाईंनी कनवटीची स्वतः कातलेल्या सुताची गुंडी काढली. पदराआड दोरा गळ्याभोवती घेऊन जिथे टोक भिडे तिथे त्या चिमटीत धरत आणि मी तिथे गाठ मारी. चैत्रात पहिली गाठ मारली. वैशाखातली गाठ तिच्या दोन बोटं आत आली. ज्येष्ठातली आणखी आत. आषाढापर्यंत त्या दोऱ्यावर चार गाठी झाल्या आणि बेलफळाचं लिंबू झालं. बाई उताण्या निजायला लागल्या. भाकरी घशाखाली सरळ उतरू लागली, आवाजातला घोगरेपणा गेला. मी तो दोरा माझ्या बैठकीत खुंटीला लटकावला होता. येईल त्याला दाखवायचो. कासाराला दाखवला, शास्त्रीबुवांना दाखवला, दूध घालायला येणाऱ्या बाईलाही दाखवला.

श्रावणात भागाबाई आल्या तेव्हा मी आधी गळाच पाहिला. छान बसला होता. बाकी अंगाने बाई किती खंगल्या होत्या ते मात्र मला दिसलं नाही. हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत चढत होत्या. पावसाळी गारव्यात कपाळावर घाम होता. डोळे टवटवीत म्हणावेत तर जरा जास्तच उघडे.

"छाती धडधड करून राह्यली," त्या म्हणाल्या. "बसली तरी पळाल्यासारखी. झोप नाई. आनि हे पाहा." त्यांनी दोन्ही हात पुढे केले. बोटांची टोकं बारीक थरथरत होती. "टकळीवरचा धागा तुटून राह्यला. चार महिन्यांनी सरकी निवडाची हाय मले."

मी काय म्हणालो ते मला शब्दन्‌शब्द आठवतं, कारण पुढे कित्येकदा ते मला डाचलं आहे. मी म्हणालो, "अहो, श्वास मोकळा झाला ना? मग हात थोडा हलला तर काय बिघडलं? सरकी काय, कुणीही निवडेल."

भागाबाईंनी हात पदराखाली घेतले.  पोळ्याच्या दिवसापासून त्यांनी राख बंद केली, हे मला कार्तिकात कळलं, तेही सोनाजीकडून.

सोनाजी एकटाच आला होता. पागोटं काढून मांडीवर ठेवलं आणि त्याकडेच बघत बोलायला लागला. "वैदबुवा, थे माहं आयकत नाई. राख सोडली. हात थांबले, आंगावर मास आलं, हे खरं हाय. पन गळा पुन्हा भरून राह्यला. दुपारची जराशी लवंडली का घशात घरघर होते. मले वाटते, आता गेली. तुमी राख द्या. भाकर-भाजी मीच करतो हे दोन महिने. आंबाडीच्या भाजीत काळं दिसत नाई आनि खारटबी लागत नाई. मीठ कमी टाकीन."

"त्यांना न सांगता?"

"सांगतलं त खाईन का? सरकी गेली त दुसरी भेटन, वैदबुवा. ही गेली त मले कुठी भेटन?"

या प्रश्नापुढे मी विरघळलो असं म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं. खरं कारण निराळं होतं. खुंटीवरच्या माझ्या दोऱ्यावर उलटी गाठ पडणार होती आणि ते मला सोसत नव्हतं. मी पुड्या बांधून दिल्या, आठ आठ गुंजांच्या.

तो हंगाम भागाबाईंनी कसा काढला ते मी पाहिलं नाही, पुढे ऐकलं. त्या खळ्यावर रोज बसत. हात पुन्हा थरथरू लागले होते. त्यांना वाटलं, उन्हाळ्यातल्या राखेचा अंमल अजून अंगातून गेला नाही, जाईल. सरकी चिमटीतून निसटायची. नखाने विंचरताना कापूस तुटायचा, मग लांबीचा अंदाज यायचा नाही. तरी नेटाने चार टोपली निवडली. स्वतःपुरती ठेवली आणि उरलेली मृगाच्या आधी गावातल्या आणखी चार घरी दिली. नेहमी देत तशीच, ओंजळीने, हळदकुंकू लावून. पुड्या फाल्गुनात संपल्या होत्या. पेरणीपर्यंत बाईंचे हात शांत झाले आणि सगळं ठीक आहे असं तिघांनाही वाटलं.

भाद्रपदात कापूस फुलला. बनीचं फूल पिवळं असतं. त्या भागातल्या जरीचं पांढरं. भागाबाई सकाळी शेतावर गेल्या तर पिवळ्या फुलांत जागोजाग पांढरी फुलं. शेजारच्या शेतांतल्या जरीची मिसळ होऊन एखाददुसरं झाड दर साली निघायचंच. या साली तासातासाला, ओळीओळीत होती.

दोन दिवस त्या शेताच्या धुऱ्यावर, बांधावर बसून राहिल्या. रडल्या नाहीत, कुणावर ओरडल्या नाहीत. फक्त स्वतःचे हात उलटेपालटे करून बघत होत्या. तिसऱ्या दिवशी सोनाजीला ते बघवेना. त्याने धुऱ्यावर त्यांच्याशेजारी बसून सगळं सांगून टाकलं.

त्याच दुपारी त्यांची दमणी माझ्या दारात उभी राहिली. सोनाजी खाली उतरलाच नाही, बैलांच्या शिंगांकडे बघत बसला. भागाबाई आत आल्या. त्या दिवशी गादीचा कोपरा चाचपला नाही. त्यांनी माझ्यापुढे एक पांढरं फूल ठेवलं.

"हे काय हाय?"

"फूल."

"कायचं?"

"कापसाचं."

"बनीचं फूल कसं असते, वैदबुवा?"

मला माहीत नव्हतं. जन्म वऱ्हाडात गेला, चहूकडे कापूस, आणि मला त्याच्या फुलाचा रंग ठाऊक नव्हता. 

"पिवळं," त्या म्हणाल्या. "मले वाटलं माही बोटं गेली. म्हटलं, भागे, वय झालं, आता बोटं खोटं बोलून राह्यली. दोन दिवस मी हे हात पाह्यले. मंग ह्यायनं सांगतलं."

"तुमचा जीव वाचावा म्हणून दिलं मी," मी म्हणालो.

त्यांनी खुंटीवरच्या दोऱ्याकडे पाहिलं. "तुमी दोऱ्यानं माहा गळा मोजला. मी कशी जगून राह्यली होती, थे कायनं मोजलं?"

  पोथीत रोगाची लक्षणं आहेत, औषधाची मात्रा आहे. सकाळी उठून माणसाला कशासाठी जगायचं आहे, त्याची मात्रा कुठल्या पोथीत नाही. ते ज्याचं त्याला विचारावं लागतं, आणि मी विचारलं नव्हतं. मला लाज वाटली. मोठ्याने म्हणालो, "चुकलं माझं."

"सोनाजीले काई म्हनू नोका," त्या म्हणाल्या. नवऱ्याचं नाव त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदा आणि शेवटचं ऐकलं. मग पदर सावरून बसल्या आणि बाजाराला आल्यासारख्या सरळ बोलू लागल्या. "आता मले सांगा. राख खाल्ली त किती साल जगीन? नाई खाल्ली त किती?"

"मला माहीत नाही, भागाबाई."

"खरंच नाई?"

"खरंच नाही. खाल्ली तर गळा मोकळा राहील, पण छाती किती दिवस अशी धावणं सोसेल ते सांगता येत नाही. नाही खाल्ली तर गाठ वाढेल. किती भराभर वाढेल तेही सांगता येत नाही."

त्या पहिल्यांदा हसल्या. "आता तुमचा धागा जरा पक्का झाला."

मग आम्ही बसून ठरवलं. ‘आम्ही’ म्हणतो खरं, पण ठरवलं त्यांनीच. तराजूत एका पारड्यात गुंजा होत्या, दुसऱ्यात राख, आणि बाई मला एकेक गुंज काढायला लावत होत्या. आठाच्या चार झाल्या. संक्रांतीपासून आषाढीपर्यंत राख खायची. त्या दिवसांत हात थोडा हलला तरी चालतो, निंदणं-खुरपणं होतं, गोठा होतो. आषाढीनंतर बंद. म्हणजे वेचणीपर्यंत बोटं ताळ्यावर येतात. त्या सहा महिन्यांत गळा भरेल, तो भरू द्यायचा. उताणं निजता येणार नाही, तर बसून निजायचं.

"आणि श्वासच अडायला लागला तर?" मी विचारलं.

त्यांनी कनवटीतून नवा दोरा काढला, गळ्याभोवती घेतला, आणि भिडलं त्याच्या पुढे तीन बोटं मोजून मला म्हणाल्या, "इथी मारा गाठ. गळा या गाठीच्या भायेर गेला, त हंगाम असो का नसो, मी राख खाईन. पन गाठीच्या आत हाय तोवर मले कोनी काई म्हनाचं नाई. आनि माह्या ताटात मले न सांगता काई टाकाचं नाई."

मी गाठ मारली. दोरा त्यांनी स्वतःकडे ठेवला. जुना दोरा मी खुंटीवरून काढला. सोनाजीला आत बोलावून त्याच्याकडूनही कबूल करून घेतलं. तो म्हणाला, "करतो कबूल," आणि बायकोकडे न बघता दमणीत जाऊन बसला. जाताना बाईंनी त्याला चांगलीच तंबी दिली असणार, कारण पुढच्या साली तो मला म्हणाला, "वैदबुवा, तवापासून आंबाडीची भाजी आमच्या घरात बंद हाय."

गावी गेल्यावर दोघांनी दहा दिवस खपून आपल्या शेतातलं पांढऱ्या फुलाचं एकेक झाड उपटलं. ज्या चार घरी बियाणं दिलं होतं तिथेही बाई सांगायला गेल्या. कुणी उपटलं नाही. जरी वजनाला चांगली भरते, उपटायची कशाला? म्हणजे आता बनी खरोखरच एका घरी उरली.

असे पाच हंगाम गेले. सालातून दोनदा त्या अकोल्याला येत. गादी चाचपणं पुन्हा सुरू झालं होतं. मी गादी बदलली नव्हती, त्यामुळे निकालही तोच असे. मग पदराआड दोरा गळ्याभोवती घ्यायच्या, टोक भिडे तिथे नखाने धरून माझ्यासमोर ताणून दाखवायच्या. "पाहा. गाठीच्या आत." मी म्हणायचो, "ठीक." हिवाळ्यात आवाज बसे, त्या दम घेत घेत बोलत. उन्हाळ्यात आवाज मोकळा, पण अंग कडकडीत गरम आणि पाय एका जागी ठरत नसत. वर्षातून दोनदा एकाच बाईच्या दोन बाया मी पाहत होतो. त्यांना विचारलं, यातली खरी कुठली, तर म्हणाल्या, "जिचे हात थांबलेले असतात थे." त्या काळात मी दुसऱ्या रोग्यांनाही एक नवा प्रश्न विचारायला शिकलो. औषध देण्याआधी विचारायचो, तुम्ही दिवसभर काय करता, आणि त्यातलं काय गेलं तर चालणार नाही? लोकांना वाटे, वैदबुवांना वेळ घालवायचा आहे.

दरम्यान तिकडची लढाई थांबली होती. कापसाचे भाव आले तसे उतरले. आखूड धाग्याला बाजारात कुणी विचारीना आणि लांब धाग्याची पुन्हा आठवण व्हायला लागली. आसपासच्या तीन गावांतले लोक भागाबाईंच्या दारी आले. त्यात ती चार घरंही होती. बनीचं बी द्या म्हणाले. बाईंनी टोमणा मारला नाही, हे मला त्यांच्याबद्दल सर्वांत विलक्षण वाटतं. मी असतो तर दारातच उभं केलं असतं. त्या म्हणाल्या, "देतो. पन पांढरं फूल दिसलं का उपटाचं, हे कबूल करा." आणि नुकत्याच घरात आलेल्या सुनेला हाताशी घेऊन, नेहमीच्या चार टोपल्यांऐवजी त्या साली त्यांनी कार्तिकापासूनच दहा टोपली निवडायला घेतली.

त्याच हंगामात मी त्यांना शेवटचं पाहिलं. बार्शीटाकळीला एक रोगी बघायला गेलो होतो, परत येताना गाडी त्यांच्या गावाकडे वळवली. दुपारची वेळ होती. खळ्यावर ऊन पसरलं होतं. भागाबाई एका गाठोड्यावर दोन्ही कोपरं टेकून पुढे झुकून बसल्या होत्या, कारण मागे टेकलं की श्वास अडत होता. शेजारी सून. तीही सरकी विंचरत होती आणि मधूनमधून सासूच्या पुढ्यात एखादी धरत होती. बाई मान हलवून हो किंवा नाही सांगत. पलीकडे सोनाजी चूल पेटवत होता.

कामाच्या नादात पदर खांद्यावर सरकला होता. पाच वर्षांत पहिल्यांदा मी तो गळा दोऱ्याशिवाय, नुसत्या डोळ्यांनी पाहिला. मी जागीच उभा राहिलो. बेलफळ कधीच मागे पडलं होतं.

"दोरा कुठे आहे?" मी विचारलं.

त्यांनी कनवटीतून काढून माझ्या हातात दिला. मी त्याच्यावर बोट फिरवत गेलो. गाठ होती. पण गाठीच्या अलीकडे बोटाला काहीतरी लागलं. दोरा तिथे मुरडलेला होता, तंतू फुगलेले. त्याच्या अलीकडे आणखी एक जागा तशीच. मग आणखी एक. मी बोटाने मोजल्या, चार. एकेक गाठ नखाने सोडवून दर साली थोडी पुढे मारली होती. माझे डोळे दर हिवाळ्यात काही सांगत असणार, पण मी पाच वर्षं दोरा बघून ठीक म्हणत आलो होतो.

मी वर पाहिलं. भागाबाईंच्या तोंडून जेमतेम आवाज फुटत होता. "तुमी भाजीत राख लपोली," त्या म्हणाल्या, "मी दोऱ्यात गाठ. झाली फिटंफाट." आणि हसल्या. हसण्याला आवाज नव्हता, नुसते खांदे हलत होते. चुलीपाशी सोनाजी पाठमोरा झाला.

मी रागावलो. गाडीतली पेटी आणली, पुड्या काढल्या, आजपासून सुरू करा म्हणालो, हात जोडले. त्यांनी दोन बोटं आणि मग एक अर्धं बोट दाखवलं. "अडीच टोपलं राह्यलं. मंग खाईन."

"आणि तोवर?"

"तोवर सून हाय, थे हाय, मी हाय." त्यांनी नवऱ्याकडे मान हलवली. "दुखत नाई मले, वैदबुवा. निस्तं जड हाय. जड त मी लहानपनापासून उचलून राह्यली."

पुढचं इथेच सांगून टाकतो. अडीच टोपली पुरी झाली. त्या दिवशी भागाबाईंनी स्वतःहून राख मागून घेतली. अकरा दिवस खाल्ली. माघाच्या सुरुवातीला, दुपारी, गाठोड्यावर टेकून बसलेल्या असतानाच त्या गेल्या. उरलेल्या पुड्या सोनाजी मला परत द्यायला आला. दुसऱ्या कुणाच्या कामी येतील म्हणाला, आणि मग माझ्या ओसरीवर बसून ढसाढसा रडला. मीही रडलो. औषध अजून चार महिने आधी सुरू केलं असतं तर, हा हिशेब मी पुष्कळदा मांडला आहे. प्रत्येक वेळी दुसऱ्या पारड्यात ती दहा टोपली येतात आणि मला मांडलेलं पुसावं लागतं.

पण माझ्या डोळ्यांपुढे राहिलं आहे ते त्या दुपारचंच. मी निघालो. गाडी खळ्याच्या कडेला होती. सुनेचा आधार घेऊन भागाबाई तिथवर आल्या आणि सवयीप्रमाणे गाडीतल्या गादीचा कोपरा त्यांनी चाचपला. चिमूटभर कापूस काढून ताणला. "जरी," त्या म्हणाल्या, आणि तो फुंकून उडवून दिला. मग मूठ उघडून एक सरकी काढली, दोन-चार वेळा नख फिरवून कापूस गोल उभा केला आणि माझ्या अंगठ्यावर ठेवायला हात पुढे केला. मी त्या हाताकडे बघत राहिलो. बोटांची टोकं इतकी स्थिर होती की कापसाचा एक तंतूही हलत नव्हता. माझ्या अंगठ्यावरून मात्र ती सरकी लगेच खाली पडली. भागाबाई दम घेत वाकल्या, मातीतून ती नेमकी उचलली, फुंकर घालून साफ केली आणि परत टोपल्यात टाकली.